चांदणीची नोट

ज्या वस्तु आपल्या हातांतून रोज जातात, त्यांच्याकडेच आपलें लक्ष सर्वांत कमी असतें. घरांतील वडील माणसें दुधाचा हिशेब पैशा-पैशानें तपासतात, भाजीची जुडी उलटून पालटून पाहतात, सोन्याचा दागिना घ्यावयाचा तर चार पेढ्या हिंडतात. पण ज्या कागदाच्या तुकड्यानें हा सर्व व्यवहार होतो, तो मात्र किती रुपयांचा आहे एवढेंच पाहून पुढें केला जातो. त्या तुकड्यावर काय छापलें आहे, तें कां छापलें आहे, व एखादें चिन्ह एका नोटेवर असून दुसरीवर कां नसतें, ह्याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. आणि जेव्हां ही चौकशी सुरू होते, तेव्हां ती बहुधा संशयानें किंवा लोभानें सुरू होते. चांदणीच्या नोटेच्या बाबतींत हीं दोन्ही कारणें घडलीं आहेत. म्हणून तिची हकीकत शांतपणें समजून घेणें प्रत्येक घराला उपयोगाचें आहे.

दहा, वीस, पन्नास, शंभर किंवा पांचशें रुपयांची कोणतीही नोट हातीं घेतली असतां तिच्यावर दोन ठिकाणीं नंबर छापलेला दिसतो. प्रथम अंक व इंग्रजी अक्षरें मिळून झालेला एक लहानसा गट, व त्यानंतर सहा आंकडे, अशी त्याची रचना असते. थोड्या नोटांवर मात्र हा गट आणि ते आंकडे ह्यांच्या मधल्या जागेंत एक लहानशी चांदणी छापलेली आढळते. बाकी कागद तोच, रंग तोच, गांधीजींचें चित्र तेंच, रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही तीच. एवढ्या एका चांदणीमुळें ही नोट कोणी खोटी ठरवितात, तर कोणी लाखमोलाची ठरवितात. ती खोटी तर नाहींच, पण बहुधा लाखमोलाचीही नाहीं.

अफवेचा भार कोणावर?

नागपूरच्या उत्तरेस असलेलें कोराडी हें गांव दोन गोष्टींमुळें सर्व विदर्भाला ठाऊक आहे. एक जगदंबेचें देवस्थान, आणि दुसरें १९७४ सालापासून वीज निर्माण करणारें औष्णिक केंद्र. नवरात्रांत येथें दर्शनाला येणाऱ्या मंडळींची अलोट गर्दी लोटते. देवळाबाहेर हारफुलें, नारळ आणि ओटीचें सामान विकणाऱ्या बायकांची सर्व उलाढाल दहा, वीस आणि पन्नास रुपयांच्या नोटांवर चालते. आणि चांदणी प्रथम ज्या नोटांवर आली त्या नेमक्या ह्याच.

१९२३ सालीं नव्हे, तर अगदी अलीकडे, २०२३ सालच्या जुलै महिन्यांत, चांदणीच्या नोटा खोट्या आहेत अशी आवई मोबाईलवरून देशभर पसरली. अशा अफवेचा भार कोणावर पडतो ह्याचा विचार केला पाहिजे. सुशिक्षित गृहस्थ ती नोट बँकेत नेऊन विचारूं शकतो. पण “ताई, ही नको, दुसरी द्या,” असें म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठविणारी फुलवाली त्या दिवसाची विक्री गमावते. आणि जिनें नोट आधींच घेतली आहे व जिच्याकडून ती पुढें कोणी घेत नाहीं, तिच्या संध्याकाळच्या भाजीभाकरीचे पैसे अडकून पडतात. खोट्या बातमीची किंमत ती पसरविणारा देत नाहीं. ती सर्वांत गरीब माणसाला द्यावी लागते.

त्याच महिन्याच्या २७ तारखेस रिझर्व्ह बँकेनें जाहीर खुलासा केला. चांदणी असलेली नोट इतर कोणत्याही कायदेशीर नोटेसारखीच आहे. शंभर नोटांच्या गड्डींत जी नोट सदोष छापली गेली तिच्या जागीं ही घातलेली असते, आणि ही बदली नोट आहे हें ओळखण्यापुरतीच ती चांदणी आहे, असा त्या खुलाशाचा आशय होता. खुलासा दोन ओळींचा आहे. परंतु त्यामागें छापखान्यांतील एक जुनी अडचण आहे, आणि ती मोठी मनोरंजक आहे.

नाशिक रोडचा छापखाना

आपल्या नोटांचा आणि महाराष्ट्राचा संबंध फार निकटचा आहे. सरकारी कागदी चलन ह्या देशांत १८६१ च्या कायद्यानें सुरू झालें, तरी पुढें अनेक वर्षें ह्या नोटा इंग्लंडांत छापून जहाजानें येत असत. नाशिक रोड येथें सरकारी छापखाना उभारला गेल्यावर १९२८ सालापासून नोटा आपल्याच भूमीवर छापल्या जाऊं लागल्या. आज हें काम चार ठिकाणीं चालतें. नाशिक रोड आणि मध्य प्रदेशांतील देवास येथील छापखाने केंद्र सरकारच्या मालकीच्या महामंडळाकडे आहेत. म्हैसूर आणि बंगालमधील सालबोनी येथील छापखाने रिझर्व्ह बँकेनें १९९५ सालीं स्थापन केलेल्या कंपनीकडे आहेत.

नोटेचा कागद आपल्या वहीच्या कागदासारखा लाकडाच्या लगद्याचा नसतो, तो कापसाचा असतो. म्हणूनच खिशांत चुकून राहिलेली नोट धुण्यांत गेली तरी तिचा लगदा होत नाहीं. ह्या कागदाच्या मोठ्या तावावर एकाच वेळीं पुष्कळ नोटा छापतात. प्रथम दोन्ही बाजूंवरील फिकट रंगांची बारीक नक्षी उमटवितात. नंतर खोदलेल्या ठशांतून दाट शाईनें चित्र व कांहीं अक्षरें अशा दाबानें छापतात कीं तीं बोटाला उंचवट्यासारखीं लागतात. सर्वांच्या शेवटीं नंबर पडतात, आणि मग ताव कापून गड्ड्या बांधल्या जातात.

नंबर घालण्याची युक्ति लक्षांत घेण्याजोगी आहे. समजा, एका तावावर ४० नोटा आहेत, आणि असे १०० ताव एकावर एक रचले आहेत. पहिल्या तावावरच्या पहिल्या नोटेला १ हा नंबर दिला तर तिच्या शेजारणीला २ नंबर देत नाहींत. तिला १०१ देतात, तिच्या पलीकडचीला २०१, आणि याप्रमाणें पुढें. दुसऱ्या तावावर त्याच जागांवर २, १०२, २०२ असे नंबर पडतात. आतां हा सर्व ढीग एकदम कापला म्हणजे प्रत्येक जागेची एकेक गड्डी निघते, आणि तिच्यांतील शंभर नोटांचे नंबर आपोआप ओळीनें लागलेले असतात. हाताने एकही नोट जुळवावी लागत नाहीं. कारखान्यांतील प्रत्यक्ष संख्या निराळ्या असूं शकतील; तत्त्व मात्र हेंच.

सदतिसाव्या नोटेचा प्रश्न

इतकी सुंदर योजना एका लहानशा दोषानें विस्कटते. एखाद्या तावाचा कोपरा दुमडला गेला, शाईचा डाग पडला, रंग जागचा सरकला, नंबराचा एक आंकडा अर्धवट उमटला, किंवा कापतांना सुरी तिरपी गेली, तर ती नोट बाहेर धाडतां येत नाहीं. तपासणींत ती काढून टाकलीच पाहिजे. दोष नंबर पडण्यापूर्वीं दिसला तर गोष्ट सोपी असते. पण नंबर पडल्यावर दिसला तर गड्डींत सदतिसाव्या जागीं भोंक पडतें. छत्तीसनंतर एकदम अडतीस! गड्डींत नोटा नव्याण्णव, आणि पट्टीवर मात्र शंभर.

नंबरांचा अखंड क्रम राखावयाचा तर ह्यावर एकच उपाय असतो. त्याच नंबराची दुसरी नोट मुद्दाम तयार करून त्याच जागीं बसवावयाची. एका नोटेसाठीं नंबराचें यंत्र नव्यानें जुळवा, नोट छापा, पुन्हां तपासा, नेमकी गड्डी शोधा, आणि तींत ती घाला. दोनचार नोटांसाठीं हें चालेल. पण ज्या देशाला दर वर्षीं अब्जावधि नोटा लागतात, तेथें हजारांत एक नोट वाईट निघाली तरी असल्या सुट्या नोटांचा डोंगर होईल. यंत्रानें वांचविलेला वेळ हातकामांत खर्ची पडेल.

अमेरिकेच्या सरकारी छापखान्यानें ह्या अडचणीवर १९१० सालीं तोड काढली. बदली नोटांची एक स्वतंत्र मालिका आधींच छापून ठेवावयाची. तिचे नंबर निराळे, आणि तिची खूण म्हणून नंबराजवळ एक चांदणी. गड्डींतून सदोष नोट निघाली कीं तिच्या जागीं ह्या मालिकेंतील पुढची नोट सरकवावयाची. नंबर जुळत नाहीं, पण संख्या जुळते. आणि हिशेबाला संख्याच महत्त्वाची.

आपल्या रिझर्व्ह बँकेनें ही पद्धति २००६ सालीं स्वीकारली. छपाईंत अधिक कार्यक्षमता यावी व खर्च कमी व्हावा, हा हेतु बँकेनें त्या वेळीं स्पष्ट सांगितला होता. त्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत नव्या नोटांची प्रत्येक गड्डी ओळीच्या नंबरांची असे. त्यानंतर ज्या गड्डींत बदली नोट आहे तिच्या पट्टीवर तसा उल्लेख असूं लागला. आरंभीं दहा, वीस व पन्नास रुपयांच्या नोटांवर चांदणी आली. पुढें शंभराच्या नोटेवरही ती दिसूं लागली. पांचशेंच्या नोटेवर ती प्रथम आली २०१६ च्या डिसेंबरांत. त्याच्या आदल्याच महिन्यांत जुन्या पांचशें व हजारांच्या नोटा रद्द झाल्यानें लोकांचीं मनें आधींच साशंक होतीं. नवी नोट, तिचा नवा रंग, आणि वर ही नवीच चांदणी! संशयाला खतपाणी मिळालें तें असें.

दुर्मिळ म्हणजे काय?

आतां दुसरी बाजू. शंभरांतील एकाद्या नोटेवरच जी खूण असते ती नोट दुर्मिळ, आणि दुर्मिळ म्हणजे मौल्यवान, असा तर्क सहज सुचतो. ह्या तर्कांत दोन ठिकाणीं खोट आहे.

पहिली खोट अशी कीं, थोडी वस्तु थोडीच असते असें नाहीं. अब्जावधींचा एक लहानसा अंश म्हणजेही कोट्यवधि होऊं शकतात. शेजारच्या दहा घरांत एकही चांदणीची नोट नसेल, तरी देशांत त्या ढिगांनीं असतात. तेव्हां ‘चांदणीची नोट’ असा एक जातिवाचक विचार न करतां ‘ही विशिष्ट चांदणीची नोट’ असा विचार करावा लागतो. जाणते संग्राहक ती कशी पाहतात? ती किती रुपयांची आहे. तिच्यावर कोणत्या गव्हर्नरांची सही आहे. मागच्या बाजूस छपाईचें वर्ष कोणतें आहे. नंबराच्या मागील भागांत एखादें लहान अक्षर आहे किंवा नाहीं, व असल्यास कोणतें. आणि चांदणीपूर्वींचा गट कोणता आहे. ह्या सर्वांचा मेळ घालून एखाद्या प्रकाराच्या बदली नोटा फारच थोड्या निघाल्या असें दिसलें, तरच तिला मागणी येते. चांदणी आरंभीं आली तेव्हां गव्हर्नर वाय. व्ही. रेड्डी ह्यांची सही होती. त्यांच्यानंतर सुब्बाराव, राजन, पटेल, दास ह्यांच्या सह्या क्रमानें आल्या. ह्यांतील प्रत्येक बदल म्हणजे संग्राहकाच्या दृष्टीनें एक नवा कप्पा.

दुसरी खोट अशी कीं, किती छापल्या ह्यापेक्षां किती उरल्या हा प्रश्न महत्त्वाचा असतो. दहा रुपयांची नोट सर्वांत जास्त हात पाहते. ती भाजीवाल्याच्या ओल्या हातांतून रिक्षावाल्याच्या घामट खिशांत जाते, मळते, फाटते, आणि अखेर रिझर्व्ह बँकेत परत जाऊन यंत्राखालीं तिचे तुकडे होतात. २००६ सालची दहा रुपयांची चांदणी जर कोणी पहिल्याच दिवशीं पुस्तकांत जपून ठेवली असेल, तर ती आज दुर्मिळ असूं शकेल. पण ती छापतांना थोडी होती म्हणून नव्हे. तर तिच्या बहिणी संसारांत झिजून गेल्या म्हणून. आणि म्हणूनच संग्राहक कोरी, घडी न पडलेली नोट मागतो. चारदां दुमडलेल्या मळक्या चांदणीला तो बहुधा दहाच रुपये देईल.

खरी दुर्मिळता कशी असते ह्याचें उदाहरण नागपूरच्याच इतिहासांत आहे. एकोणिसाव्या शतकांत सरकारनें देशाचीं चलनमंडळें पाडलीं होतीं, आणि त्यांत कलकत्ता, मुंबई, मद्रास ह्यांच्या जोडीला नागपूरचेंही एक मंडळ होतें. नागपूर मंडळाची नोट त्या मंडळाबाहेर कायदेशीर चलन नव्हती. हें बंधन पुढें एकेक करून उठलें. ब्रह्मदेश वगळून पांच रुपयांची नोट १९०३ सालीं, दहा व पन्नासांची १९१० सालीं, आणि शंभराची १९११ सालीं सर्वत्र चालूं लागली. त्या काळीं नोट पोस्टानें धाडावयाची झाल्यास व्यापारी तिचे दोन तुकडे करीत. एक अर्धा आधीं पाठवीत, आणि तो पोंचल्याचें पत्र आलें कीं दुसरा. दोन्ही अर्ध्यांवर असलेला नंबर जुळला कीं पैसे मिळत. नंबर हा नोटेचा केवळ अलंकार नव्हे, तर तिची ओळख आहे, हें त्या व्यापाऱ्यांना आपल्यापेक्षां चांगलें ठाऊक होतें. नागपूरचें नांव असलेली त्या काळची एकतर्फी छापलेली नोट आज जगांत कोठेंही निघाली तरी जाणकार उठून उभे राहतील. तिचा दुर्मिळपणा कोणी जाहिरात देऊन ठरविलेला नाहीं. तो काळानें ठरविलेला आहे.

ह्याच प्रांताशीं संबंध असलेली आणखी एक सही जुन्या नोटांवर आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडांत ज्यांनीं सनदी अधिकारी म्हणून नोकरी केली, ते चिंतामणराव देशमुख १९४३ ते १९४९ ह्या काळांत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. त्या पदावरचे ते पहिले भारतीय. आजोबांच्या पेटींत त्यांच्या सहीची एखादी नोट निघाली, तर ती विकावयाची कीं नाहीं हा विचार मागाहून करावा. आधीं ती घरांतील मुलांना दाखवावी.

लोभाचा सापळा

जेथें अज्ञान आणि आशा एकत्र येतात, तेथें ठक आलाच. ‘तुमच्याकडे चांदणीची नोट आहे काय? ७८६ नंबराची आहे काय? पांच लाख घ्या!’ अशा जाहिराती मोबाईलवर येतात. त्यांत एक फोननंबर असतो. फोन केला कीं समोरचा माणूस गोड बोलतो, नोटेचें छायाचित्र मागवितो, सौदा ठरवितो; आणि मग नोंदणीचे, कराचे, दलालीचे म्हणून थोडे पैसे आधीं भरावयास सांगतो. ते भरले कीं आणखी थोडे. कित्येकदां त्या कागदपत्रांवर रिझर्व्ह बँकेचेंच नांव व बोधचिन्ह असतें. २०२१ सालच्या ऑगस्टमध्यें बँकेनें ह्याविषयीं लोकांना जाहीर सूचना दिली कीं, बँक असल्या व्यवहारांत पडत नाहीं, कोणतेंही शुल्क किंवा दलाली मागत नाहीं, आणि असें शुल्क घेण्याचा अधिकार तिनें कोणालाही दिलेला नाहीं.

ह्या सापळ्यांत सांपडतात ती बहुधा घरांतील दोन माणसें: निवृत्त झालेले वडील, ज्यांना मुलावर भार न टाकतां कांहीं तरी मिळवावेंसें वाटतें, आणि नव्यानें मोबाईल हातीं आलेला कॉलेजांतला मुलगा. दोघेही फसल्यावर घरांत बोलत नाहींत, आणि न बोलल्यामुळेंच ठक आणखी पैसे उकळतो. म्हणून ह्या विषयावर जेवणाच्या वेळीं सर्वांसमक्ष एकदां बोलून ठेवावें. नियम एकच पुरे: जो विकत घेणार तो पैसे देतो, विकणाऱ्याकडून आधीं पैसे मागणारा गिऱ्हाईक हा गिऱ्हाईकच नव्हे.

जपावयाची असेल तर

चांदणीची नोट हातीं आली तर ती बिनधास्त खर्चावी. तिची किंमत तिच्यावर छापली आहे तितकी आहेच, आणि ती नाकारण्याचें कारण कोणालाही नाहीं. लग्नाच्या आहेरासाठीं किंवा दिवाळीसाठीं बँकेतून कोऱ्या नोटांची गड्डी आणली, तर वांटण्यापूर्वीं ती एकदां मुलांकडून चाळून घ्यावी. क्रम कोठें तुटतो, तेथें चांदणी आहे का, हें शोधण्यांत मुलांचा अर्धा तास मजेंत जातो, आणि गड्डी कशी बनते हा धडा पुस्तकाशिवाय मिळतो.

एखादी ठेवावयाचीच झाली तर ती घडी न घालतां सपाट ठेवावी. तिच्यावर लिहूं नये, तिला टांचणी मारूं नये, आणि तिला गोंद किंवा चिकटपट्टी लावूं नये. २००१ पूर्वीं गड्ड्यांना तारेच्या टांचण्या मारीत. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानें ती चाल बंद झाली, म्हणून जुन्या कोऱ्या नोटांनाही बहुधा भोंकें आढळतात. लक्ष्मीपूजनाच्या तबकांत ठेवलेल्या नोटेला हळदकुंकू लागणारच. तें घरच्या रीतीप्रमाणें व्हावेंच, पण संग्रहाची नोट त्या तबकांत ठेवूं नये. आणि ज्यांच्याकडे रद्द झालेल्या जुन्या पांचशें-हजारांच्या नोटा आठवण म्हणून पडून आहेत त्यांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, २०१७ च्या कायद्यानें अशा एकंदर दहांपेक्षां अधिक नोटा बाळगणें गुन्हा ठरतें. अभ्यास, संशोधन किंवा संग्रह ह्यासाठींही ही मर्यादा पंचवीसची आहे.

ह्या सर्व हकीकतींतून एक गोष्ट मात्र मनांत राहते. छापखान्याला आपली सदोष नोट गुपचूप फाडून टाकतां आली असती व बदली नोट कोणाच्या ध्यानांतही आली नसती. त्याऐवजीं त्यानें बदलीवर उघड खूण केली, आणि तरीही तिची किंमत रतीभर कमी धरली नाहीं. एकत्र कुटुंबांत अशीं माणसें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत: कोणाची आई लवकर गेली आणि काकूनें मुलें वाढविलीं, थोरल्याला परगांवीं जावें लागलें आणि धाकट्यानें शेत सांभाळलें. गड्डीची संख्या त्यांनींच पुरी ठेवली. त्यांचा नंबर ओळींत बसत नाहीं, म्हणून त्यांच्याकडे कोणी संशयानें पाहिलें तर आपण काय म्हणूं? चांदणीची नोट पुढें करणाऱ्या फुलवालीलाही तेंच उत्तर आपण द्यावें: नोट खरी आहे, आणा इकडे.